दगड पडेपर्यंत काय पेरायचं

बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत उगवणबाईंनी एकतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात त्यांना तोंड आवरून बोलायला सांगणारे सहा संचालक येऊन गेले. बाईंचं तोंड काही आवरलं नाही, संचालक मात्र बदलत राहिले. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. काम उगवण मोजायचं, म्हणून उगवणबाई.

काम तसं साधं. ओल्या कागदावर दाणे रांगेत मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, गुंडाळ्या उबदार कपाटात उभ्या ठेवायच्या. मक्याचं चौथ्या दिवशी एकदा मोजायचं आणि सातव्या दिवशी शेवटचं. एका नमुन्याचे चारशे दाणे. मूळ आणि कोंब दोन्ही धड असले तर दाणा उगवला. एकच असलं किंवा वाकडंतिकडं असलं तर सदोष. बाकीचे मेलेले. 'बघू', 'होईल', 'विचार चालू आहे' असा रकाना त्या तक्त्यात नव्हता, आणि म्हणूनच बाईंना ते काम आवडायचं. कचेरीतली बहुतेक माणसं त्या न छापलेल्या रकान्यात बसणारी आहेत, असं त्या चहा पिताना सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणायच्या.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांचे धाकटे दीर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. दिरांचं लग्न झालं नव्हतं. ते फर्निचरला पॉलिश करायचे आणि उरलेल्या वेळात जगबुडीची काळजी करायचे.

आकाशातला एक मोठा दगड पृथ्वीच्या जवळून निघून गेला त्या वर्षी त्यांच्या काळजीला बहर आला. पंधरा दिवस वर्तमानपत्रांत दुसरं काही नव्हतं. दिरांनी वर्कशॉपच्या मागे लपायला खड्डा खणायला घेतला. कमरेइतका खणला आणि खालून पाणी लागलं.

"भावजी, दगडाने मरायचं नाही म्हणून बुडून मरणार का?" बाईंनी विचारलं.

"वहिनी, तुम्ही हसा. वेळ आली की कळेल."

वेळ काही आली नाही. खड्ड्यात डास झाले.

वरच्या कचेरीलाही त्याच पंधरा दिवसांत जाग आली होती. फरक इतकाच, की दिरांनी खड्डा स्वतः खणला. टेकडीवर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिच्या बोगद्याला पोलादी दार बसवलं, आत थंडी करणारी यंत्रं बसवली आणि त्याला नाव दिलं 'पुनर्जीवन कोठार'. मोठा दगड आदळला, पिकं गेली, तर उरलेल्या माणसांनी इथलं बी काढून पुन्हा शेती सुरू करायची. दारासमोरच्या भिंतीवर चित्र काढून घेतलं होतं. एका बाजूला जळता दगड येतोय, दुसऱ्या बाजूला आई, बाप आणि दोन मुलं बी पेरतायत, चौघांचेही कपडे कडक इस्त्रीचे.

"सगळं जग जळालं आणि यांचा इस्त्रीवाला तेवढा वाचला," बाई म्हणाल्या. हे शब्द संचालकांच्या कानावर गेले.

कोठाराच्या उद्घाटनाआधी एक व्याख्यान झालं. आकाशातल्या दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक विदुषी आल्या होत्या. शांत बोलणाऱ्या, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर घातलेल्या. कचेरीने लगेच त्यांना दगडांच्या बाई करून टाकलं. त्यांनी सांगितलं, की दहा किलोमीटरचा दगड आदळला तर पहिला तडाखा जिथे बसेल तिथलं सगळं संपेल, पण खरी मारामारी नंतरची. धूळ आणि काजळी वर जाईल, सूर्य वर्ष-दोन वर्षं मंद होईल, थंडी पडेल, पीक येणार नाही. माणसांची जात त्यातून टिकेल असं त्यांना वाटत होतं. माणसं किती टिकतील हा प्रश्न वेगळा.

उगवणबाईंनी हात वर केला. "ती दोन वर्षं उरलेली माणसं काय खाणार?"

"साठवलेलं. समुद्रातलं काही. अंधारात वाढणाऱ्या अळंब्या."

"आणि साठवलेलं संपलं, की कोठारातलं बी. भुकेला माणूस पेरायचा दाणा समोर ठेवून उपाशी बसेल का?"

दगडांच्या बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "नाही बसणार," त्या म्हणाल्या. "याचं उत्तर माझ्याकडे नाही. दगडाचं गणित मला येतं. त्यापुढचं नाही येत."

"प्रश्न विषयाला धरून विचारा," संचालक म्हणाले. हे सहावे संचालक. फोटो काढताना पोट आत घेण्याची कला त्यांना साधली होती, आणि बाईंच्या मते एवढीच.

त्यानंतर बाईंनी त्यांना एक कामाची गोष्ट सांगितली. बी वर्षानुवर्षं टिकवायचं असेल तर आधी वाळवायला लागतं. त्यातलं पाणी सहा टक्क्यांवर यायला हवं, मग हवाबंद पाकिटात भरायचं. ओलं बी पाकिटात कोंडलं तर ते आतल्या आत मरतं. वाळवायला सहा आठवडे हवेत.

"उद्घाटन नऊ तारखेला आहे," संचालक म्हणाले.

"दगड कधी आहे?"

संचालकांनी दुसरी फाइल उघडली. बाईंनी एक चिठ्ठी लिहिली, ती फाइलला लागली, आणि बाईंनी हात झटकले. पुढे या हात झटकण्याची त्यांना स्वतःचीच चीड आली, पण त्या दिवशी त्या वेळेवर घरी गेल्या आणि पोटभर जेवल्या.

कोठारासाठी लोकांनी आपापलं जुनं बी आणून दिलं. कुणी गहू, कुणी वाटाणा, कुणी घेवडा. प्रत्येकाला पावती मिळाली. नऊ तारखेला फीत कापली. पुढची चार वर्षं पाहुणे आले, दार बघून गेले, चित्रासमोर उभे राहिले. बी मागायला मात्र कुणी आलं नाही, कारण दगड पडला नव्हता.

मग एका सकाळी एक म्हातारी पावती घेऊन कचेरीत आली. सत्तरी ओलांडलेली, काटक, पायात पुरुषी बूट. तिने कोठाराला मका दिला होता. काळपट लाल दाण्याचा, तिच्या सासरच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला, दुसऱ्या कुणाकडे नसलेला.

"माझा मका परत पाहिजे," ती म्हणाली. "चार मुठी पुरेत."

असं काही होईल याची कुणी तयारीच केली नव्हती. खिडकीवरच्या कारकुनाने तिला संचालकांकडे नेलं. संचालकांनी उगवणबाईंना बोलावून घेतलं. अवघड माणूस आलं की ते बाईंना पुढे करायचे.

"आजी," संचालक समजावणीच्या सुरात म्हणाले, "ते बियाणं मानवजातीसाठी आहे."

"मग मी कोण आहे?"

"तसं नाही. मोठा दगड पडला तर, त्यासाठी."

"बरं. आणि तो पडेपर्यंत मी काय पेरू?"

संचालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

म्हातारीने पावती टेबलावर उलटी केली. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं, 'मागणी केल्यास देणाऱ्यास बियाणं परत मिळेल.' ते छापणाऱ्यानेसुद्धा वाचलं नसावं. म्हातारीने वाचलं होतं.

"दर वर्षी निम्मं पेरायचे, निम्मं घरी राखायचे," ती म्हणाली. "माझ्या सासूने तसंच शिकवलं. मग तुमच्याकडे ठेवलं म्हणून यंदा पहिल्यांदा सगळं पेरलं. म्हटलं, सरकारने पोलादी दारामागे ठेवलंय, आपली डबडी कशाला जपा. गारांनी उभं पीक झोपवलं. एक कणीस हाती लागलं नाही."

हे ऐकताना उगवणबाईंना ती फाइलला लागलेली चिठ्ठी आठवली. "मावशी, बी देण्याआधी तपासावं लागतं," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी या."

दुपारी त्या थंडीच्या यंत्रांवरच्या मेकॅनिकला घेऊन टेकडीवर गेल्या. दार उघडलं. आत उणे अठरा तापमान असायला हवं होतं. बाईंनी बरोबर आणलेली शाल खांद्यावर घेतली आणि दोन मिनिटांत काढून हातात धरली. आत घाम येत होता.

"यंत्रं बंद आहेत का?"

"पाहुण्यांना थंडी वाजते," मेकॅनिक म्हणाला. "पहिल्या वर्षी एका पाहुण्याला शिंका लागल्या. तेव्हापासून पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी बंद करायचं, असा तोंडी हुकूम आहे. मग पाहुणे इतके यायला लागले, की चालू करायला सवड मिळेना."

"आणि रोजची तापमानाची नोंद? ती तर दर महिन्याला उणे अठरा येते."

"मापकाचा काटा तिथे अडकलाय, बाई. मी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, बरोबर आकड्यावर अडकलाय ना, मग राहू दे."

बाईंनी मक्याचं पाकीट शोधून तिथेच कात्रीने कापलं. तळघरातल्या ओल्या फडक्यासारखा कुबट वास आला. त्यांना पुढे काही तपासायची गरज नव्हती. तरी त्यांनी सगळं तपासलं, कारण वासावरून निकाल लिहायचे नसतात. ओलावा चौदा टक्के निघाला. चारशे दाणे कागदावर मांडले, गुंडाळ्या करून कपाटात ठेवल्या. बरोबर गहू, वाटाणा आणि घेवड्याचे नमुनेही लावले.

चौथ्या दिवशी मक्याच्या कागदावर बुरशी होती. सातव्या दिवशी एका दाण्यातून बोटाच्या पेराएवढं पांढरं मूळ आलं होतं. कोंब नव्हता. नियमाप्रमाणे तो सदोष. बाईंनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला आणि तो दाणा आणखी पाच दिवस ठेवला. सकाळी आल्या की डबा टेबलावर ठेवायच्या आधी कपाट उघडायच्या. पाचव्या दिवशी मूळ तपकिरी होऊन मऊ पडलं.

गहू शंभरात नऊ. वाटाणा चौदा. घेवडा दोन. मका शून्य.

संचालकांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "बाई, पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे येतायत."

"येऊ देत. आत ऊब छान आहे."

"सगळीकडे पंच्याऐंशी लिहिता येईल. दगड काही उद्या पडत नाही. तोपर्यंत हळूहळू बदलून टाकू."

"आकडा लिहायला मला काय, हात दुखत नाही," बाई म्हणाल्या. "त्याने मका उगवणार असेल तर पंच्याऐंशी कशाला, शंभर लिहिते. तुम्ही त्या म्हातारीला कागद पेरायला द्या."

"तुमची निवृत्ती सात महिन्यांवर आली आहे. विचार करा."

बाईंनी त्यांच्यासमोरच शून्यावर सही केली आणि तक्त्याची एक प्रत वरच्या कचेरीला, एक दगडांच्या बाईंना टपालाने पाठवली. त्यानंतर संचालक त्यांच्याशी बोलेनासे झाले. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, की हा त्या माणसाचा कचेरीवर झालेला पहिला उपकार.

पण हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते म्हातारीला सांगणं. ती ठरल्या दिवशी आली, बाकावर बसली. बाईंनी आडवळण घेतलं नाही. "मावशी, एकही दाणा उगवला नाही. आम्ही मारला. ओला कोंडला आणि उबेत ठेवला. मला माहीत होतं. मी चिठ्ठी लिहून घरी गेले."

म्हातारीने पावतीची बारीक घडी घातली. मग म्हणाली, "मी कापडी पिशवीतून आणला होता. निळ्या. ती तरी द्या."

पिशवी शोधली. ती कुणी फरशी पुसायला घेतली होती.

"मावशी, हे बी तुम्ही कधी कुणाला दिलं होतं?"

"नाही," म्हातारी म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"कुणालाच नाही?"

"एकीला दिलं होतं. नणंदेला. ती मला मेली."

"आणि खरोखर?"

"असेल जिवंत. अशी माणसं मरत नाहीत."

भांडण सासूच्या शिलाई मशीनवरून झालं होतं. सासू गेल्यावर ते नणंदेने उचलून नेलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून बोलाचाली नाही, येणंजाणं नाही, मयताला नाही. म्हातारीने पत्ता द्यायला अर्धा तास घेतला, आणि तो तिला पिनकोडासकट पाठ होता.

उगवणबाई रजा टाकून बसने तीन तासांचा प्रवास करून गेल्या. नणंद सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यामागे एका खोलीत राहत होती, लोकांचे कपडे शिवायची. शिलाई मशीन खिडकीत होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर दोरीला अकरा कणसं टांगली होती, काळपट लाल. बाईंनी ती बसायच्या आधी दोनदा मोजली.

"दर वर्षी लावते," नणंद म्हणाली. "कुंपणाच्या कडेने. माझा मका वहिनीच्यापेक्षा उंच येतो."

"तुम्ही त्यांचा मका बघितला नाही ना एकोणीस वर्षांत?"

"बघायला कशाला पाहिजे? मला माहीत आहे."

बाईंनी सगळी हकीकत सांगितली आणि दोन कणसं मागितली. नणंदेने दाताने दोरा तोडला. "देते. पण मागायला ती आली पाहिजे. या दारात उभं राहून मला वन्सं म्हणाली पाहिजे."

म्हातारीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "राहिला मका."

उगवणबाईंचा तोल सुटला. "राहू दे. सगळे दाणे आम्ही मारले, उरलेला तुम्ही मारा. आकाशातला दगड कशाला बिचारा एवढ्या लांबून येतो? तुमच्या दोघींचं मशीन पुरेसं आहे."

म्हातारी उठून निघून गेली. चार दिवसांनी तिचा निरोप आला, की रविवारी रिकामी आहे.

रविवारी दिरांनी आपली फर्निचरची गाडी काढली. बाई मध्ये, म्हातारी खिडकीशी. वाटेत दिरांनी त्यांच्या आवडत्या विषयाला हात घातला. दगड पडल्यावर पहिले सहा महिने माणसाने जमिनीखाली राहणं कसं शहाणपणाचं, हे त्यांनी वीस किलोमीटर समजावलं.

"आणि वर आल्यावर काय करणार?" म्हातारीने विचारलं.

"वर आल्यावर... मग पुढचं बघू."

"मका पेरता येतो?"

"नाही."

"मग खालीच राहा," म्हातारी म्हणाली, आणि उरलेला प्रवास शांततेत झाला.

नणंद दारातच उभी होती. कदाचित सकाळपासून असावी, साडी नवी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघीही पार वाळल्या होत्या. म्हातारीची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली, ओट्यावरच्या कणसांवर थांबली.

"बारीक आलाय दाणा."

"तुझ्याकडे बारीकही नाही, वहिनी."

उगवणबाईंनी डोळे मिटून घेतले. सगळं फिसकटलं, असं त्यांना वाटलं. रस्त्यावरून पाइपांचा ट्रक गेला.

"वन्सं," म्हातारी म्हणाली, "बसायला सांगणार आहात, की उभीच ठेवणार?"

नणंद बाजूला झाली. आत जाताना तिने वहिनीच्या कोपराला हात लावला, की उंबरठा उंच आहे. म्हातारीने तो झटकला नाही.

महिन्याभराने चौकशी समिती आली. समितीत दगडांच्या बाई होत्या. बाकीचे दार बघत होते तेव्हा त्या प्रयोगशाळेत येऊन बसल्या. उगवणबाई नणंदेच्या मक्याचं शेवटचं मोजत होत्या. चारशेत तीनशे एक्याण्णव.

"तुम्हाला काय वाटतं," दगडांच्या बाईंनी विचारलं, "माणूस सावरेल एवढ्या मोठ्या दगडातून?"

"सावरेल. पण या लोकांमुळे नाही," बाईंनी बाहेरच्या घोळक्याकडे मान वळवली. "हे मापकाचा काटा धरून बसतील. सावरेल तो कुठल्यातरी खडूस बाईमुळे. भावजय खोटी पडावी म्हणून कुंपणाला मका लावणारी बाई. तुमच्या गणितात तिला जागा आहे का?"

"नाही," दगडांच्या बाई म्हणाल्या, आणि वही काढून काहीतरी लिहून घेतलं. उगवणबाईंना त्याचाही थोडा रागच आला. सगळं लिहून घेतात.

समितीच्या अहवालात दोष मापकाचा निघाला. नवा मापक आला. सहाव्या संचालकांची बढतीवर बदली झाली, आणि निरोपाच्या फोटोत त्यांनी पोट आत घेतलं. यंत्रं मात्र चालू राहिली, कारण मेकॅनिकने बटणाची चावी स्वतःच्या खिशात ठेवली आणि हरवली म्हणून सांगितलं.

उगवणबाईंनी निवृत्तीआधीचे शेवटचे महिने गहू, वाटाणा आणि घेवडा वाचवण्यात घालवले. तपासणीत जे थोडे दाणे उगवले होते ते त्यांनी फेकले नव्हते. दिरांच्या खड्ड्यातून निघालेल्या मातीत ते लावले, आणि दिरांना खड्ड्यातलं पाणी बादलीने घालायच्या कामाला लावलं. बरीच रोपं मेली. जी राहिली त्यांचं बी बाईंनी सहा टक्क्यांपर्यंत वाळवलं. थोडं कोठाराला दिलं, बाकीचं ज्यांचं त्यांना घरी नेऊन दिलं, आणि प्रत्येकाला बजावलं, की कोठारावर विसंबून राहाल तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही.

म्हातारीने कोठाराला एक दाणाही द्यायला साफ नकार दिला. हे कळताच नणंदेने दोन मुठी पाठवून दिल्या.

त्या हंगामात म्हातारीच्या शेतात मका पुन्हा उभा राहिला. कणसं भरली तेव्हा वन्सं बसने येऊन बांधावरून चालत सगळं बघून गेल्या. ताटं आपल्यापेक्षा ठेंगणी आहेत, असं त्यांनी जाताना सांगितलं. म्हातारीने दुसऱ्या दिवशी उगवणबाईंना फोन करून विचारलं, की मक्याची उंची मोजायचं एखादं सरकारी प्रमाणपत्र मिळतं का.